‘मी कधीही सोडू शकतो’ म्हणणारा मुलगा

पत्र

माझा मुलगा १५ वर्षांचा आहे. अभ्यासात बरा, फुटबॉल खेळतो, तसा समजूतदार. गेल्या आठवड्यात त्याच्या दप्तरातून पेनासारखं काहीतरी माझ्या ६ वर्षांच्या मुलीने काढलं आणि ती ते तोंडात घालणार होती. ते व्हेप, म्हणजे ई-सिगारेट निघालं. मी मुलाला समोर बसवलं, कर्करोग झालेल्या फुप्फुसांचे फोटो दाखवले, ओरडले, रडले. तो शांतपणे म्हणाला, “आई, सिगारेट वाईट असते हे मला माहीत आहे, म्हणून तर मी ती ओढत नाही. ही नुसती वाफ आहे, तीही दोन टक्केवाली. शनिवार-रविवारी मित्रांबरोबर ओढतो. मी कधीही सोडू शकतो.” वर हेही ऐकवलं, की बाबा २० वर्षं सिगारेट ओढतायत, त्यांना काय झालंय? मला उत्तरच सुचलं नाही. एवढं माहीत असून मुलं असं का करतात? त्यांना भीती वाटत नाही का? बंदी घालू, फोन काढून घेऊ, की समजावू? आणि समजावायचं तर सांगू तरी काय?

एक आई

उत्तर

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एक काम आजच्या आज करा. ते व्हेप, त्यात बसवायचे सुटे पॉड म्हणजे द्रव भरलेल्या छोट्या डब्या, द्रवाच्या कुप्या, जे काही घरात असेल ते कुलपात गेलं पाहिजे. त्या द्रवात निकोटिन विरघळलेलं असतं, त्याला फळांचा गोड वास असतो आणि ६ वर्षांच्या मुलीला गंभीर त्रास व्हायला चमचाभरही लागत नाही. पोटात गेलं तर उलट्या, घाम, पांढरा पडलेला चेहरा, धडधड आणि पुढे झटके येऊ शकतात. अंगावर सांडलं तर लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. तोंडात गेल्याची नुसती शंका आली, तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता मुलीला आणि ती वस्तू दोन्ही घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. हे मुलालाही सांगा, पण आरोपाच्या सुरात नको. बहिणीला असलेला धोका त्याला चटकन कळेल. स्वतःला असलेला कळायला वेळ लागतो, आणि तो का लागतो, हाच तुमचा मूळ प्रश्न आहे.

मुलांना भीतीच वाटत नाही, असं आपण धरून चालतो. वाटते, आणि पुष्कळदा जरुरीपेक्षा जास्तच वाटते. किप व्हिस्कुसी या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९८०च्या दशकातल्या एका मोठ्या पाहणीचे आकडे तपासले. लोकांना विचारलं होतं, सिगारेट ओढणाऱ्या १०० जणांपैकी किती जणांना फुप्फुसाचा कर्करोग होईल? सरासरी उत्तर आलं ४३, आणि तरुणांचा अंदाज मोठ्यांच्याही वर होता. प्रत्यक्षात जन्मभर ओढणाऱ्यांतही हा आकडा साधारण १० ते १५च्या घरात असतो. हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे इतर आजार हे सगळे धरले तर चित्र फारच वाईट होतं, जन्मभर ओढणाऱ्यांतले जवळपास निम्मे लोक शेवटी तंबाखूनेच जातात. पण कर्करोगापुरतं बोलायचं तर पोरं धोका कमी लेखत नाहीत. म्हणून तुम्ही दाखवलेल्या फोटोंत तुमच्या मुलाला नवं असं काही नव्हतं. ज्या गोष्टीवर त्याचं तुमच्याशी एकमत आहे, तीच तुम्ही त्याला रडून पटवत होता.

त्याचा अंदाज चुकतोय तो वेगळ्याच ठिकाणी. आजार किती वाईट, हे त्याला नीट ठाऊक आहे. थांबणं किती जड जातं, हे त्याला ठाऊक नाही. पुढचं जवळजवळ सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती ठेवा.

‘एकदा ओढल्याने काय होतंय’ हे मुलांचं आवडतं वाक्य घ्या. आकडेमोड म्हणून ते बरोबर आहे. एका झुरक्याने कर्करोग होत नाही, दहानेही होत नाही. निर्णय कसे घेतले जातात याचा अभ्यास करणाऱ्या व्हॅलरी रेना यांच्या संशोधनात हे वारंवार दिसलं आहे, की किशोरवयीन मुलं धोक्याचा आणि फायद्याचा खरोखर हिशेब मांडतात. मोठी माणसं बहुतेक वेळा हिशेबच मांडत नाहीत, ‘या वाटेला जायचं नाही’ एवढा सारांश धरून बाजूला होतात. गंमत अशी, की हिशेब मांडणारा मुलगा यात जास्त अडकतो, कारण प्रत्येक वेळचा धोका सुटा धरला तर तो खरंच नगण्य निघतो आणि समोरची मजा, मित्रांची सोबत, चवीची उत्सुकता लगेच पदरात पडते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी तरुण धूम्रपान करणाऱ्यांशी बोलून हेच मांडलं: लांबच्या वाटेवर धोका आहे हे त्यांना मान्य असतं, पण पुढची एक सिगारेट निरुपद्रवी वाटते, पहिली काही वर्षं सुरक्षित वाटतात. आणि ती काही वर्षं संपायच्या आत आपण सोडलेली असेल, याची त्यांना खात्री असते.

ती खात्री किती पोकळ असते, याचे आकडे मात्र मुलांनी कधी ऐकलेले नसतात. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली आठ पाहण्या एकत्र केल्या, दोन लाखांहून जास्त माणसांच्या. आयुष्यात एकदा तरी सिगारेट ओढून पाहिलेल्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक पुढे निदान काही काळ रोज ओढणारे झाले होते. हा आकडा सिगारेटचा आहे, व्हेपचा नाही, आणि मुलाला सांगताना तसंच सांगा. पण निकोटिन तेच आहे. जोसेफ डिफ्रान्झा या अमेरिकन डॉक्टरांनी शाळकरी मुलांचा माग ठेवला, तेव्हा काहींमध्ये व्यसनाची पहिली लक्षणं अधूनमधून ओढायला लागल्यापासून काही दिवसांत किंवा आठवड्यांत दिसली, रोजची सवय लागायच्या कितीतरी आधी. ‘आधी रोज ओढणार, मग व्यसन लागणार’ हा आपल्या सगळ्यांच्या डोक्यातला क्रमच उलटा आहे.

याचं कारण शरीरात आहे. ओढलेलं निकोटिन १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचतं. तिथे पेशींवरच्या ज्या ग्राहकांना (रिसेप्टर) ते जाऊन चिकटतं, त्यांची संख्या सततच्या माऱ्याने वाढते. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं, आणि वाढलेले ग्राहक रिकामे पडले की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष न लागणं सुरू होतं. पुन्हा एक झुरका घेतला की ते थांबतं. मुलगा म्हणेल, “याने मला शांत वाटतं.” तो खोटं बोलत नाही. फक्त जी अस्वस्थता गेली, ती आदल्या झुरक्यानेच आणलेली होती. २०१४ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सिगारेट सोडलेल्यांची चिंता आणि उदासी न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेली दिसली. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असल्याने हा फेरा लहान वयात लवकर पक्का होतो.

डिफ्रान्झा यांच्याच गटाने मुलांसाठी एक दहा प्रश्नांची यादी केली. त्यातल्या चारांचा आशय असा: सोडायचा प्रयत्न करून जमलं नाही, असं कधी झालंय का? आत्ता हवीच आहे, अशी तीव्र तलफ येते का? जिथे मनाई आहे तिथे न ओढता राहणं जड जातं का? काही काळ मिळाली नाही तर चिडचिड होते किंवा मन लागत नाही का? उत्तरं होय-नाही अशीच द्यायची आणि एक जरी ‘होय’ आलं, तरी ताबा सुटायला लागला आहे असं समजायचं. हे प्रश्न तुम्ही त्याला तपासनिसासारखे विचारू नका. कागदावर लिहून द्या आणि उत्तर स्वतःपाशीच ठेव म्हणा. या वयाचा मुलगा आईसमोर ‘नाही’ म्हणेल, स्वतःसमोर कदाचित खरं बोलेल.

आता त्या ‘दोन टक्के’कडे. मुलाला हा आकडा लहान वाटतो, कारण टक्के म्हटलं की शंभरातले दोन डोळ्यांसमोर येतात. त्याच्याबरोबर वेष्टन हातात घेऊन हिशेब करा. २ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटिन. पॉडमध्ये २ मिलिलिटर द्रव असेल तर एकूण ४० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात सुमारे १ ते दीड मिलिग्रॅम जातं, म्हणजे २० सिगारेटींच्या पाकिटातून २० ते ३०. द्रवातलं सगळंच काही रक्तात उतरत नाही, तरी एक पॉड आणि एक पाकीट यांची बरोबरी होऊ शकते हे त्याला दिसेल. ‘५ टक्के’ लिहिलेल्या आणि १० मिलिलिटर द्रव भरलेल्या मोठ्या डिस्पोजेबलमध्ये, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेपमध्ये, हाच हिशेब ५०० मिलिग्रॅमवर जातो. गुणाकार त्याच्याकडूनच करून घ्या. आणि ‘निकोटिन नाही’ असं छापलेल्या मालातही तपासणीत निकोटिन सापडलेलं आहे, तेव्हा अनोळखी वेष्टनावरच्या शून्यावरही विसंबू नये.

दुसरी गोष्ट सिगारेट आणि व्हेप यांच्या शेवटाची. सिगारेट दहा-पंधरा झुरक्यांत संपते. पुढची पेटवायची तर पुन्हा ठरवावं लागतं. व्हेपला असा शेवटच नाही. दोन झुरके आता, तीन बाथरूममध्ये, चार झोपताना, मोजदाद राहतच नाही. म्हणून ‘किती ओढतोस?’ या प्रश्नाला मुलाकडे खरं उत्तर नसण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्याला लबाड ठरवण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

तिसरी गोष्ट घशाची. साधं निकोटिन जास्त प्रमाणात ओढलं तर घसा जळतो, ठसका लागतो, आणि नवखा माणूस तिथेच थांबतो. व्हेपच्या नव्या पिढीत निकोटिनमध्ये बेंझोइक आम्लासारखं आम्ल मिसळून त्याचा क्षार करतात. तो घशाला मऊ लागतो, त्यामुळे पुष्कळ निकोटिन ठसका न लागता आत जातं. वर गोड फ्लेवर. म्हणजे शरीराची जी पहिली तक्रार पोराला थांबवू शकली असती, तीच दाबून टाकलेली आहे. हा मुद्दा मुलाला जरूर सांगा. आरोग्याच्या भाषणाने न हलणारी मुलं ‘तुला फसवण्यासाठी हे असं बनवलंय’ याने हलतात. १९९८ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात ‘ट्रुथ’ नावाची मोहीम याच सूत्रावर निघाली. मुलांना आजारांनी घाबरवण्यापेक्षा तंबाखू कंपन्यांचे डावपेच उघडे करून दाखवले, आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या शाळकरी मुलांतलं धूम्रपान लक्षणीय घटलं. या वयाला आपलं कोणी ठरवलेलं चालत नाही, मग ते आईने ठरवलेलं असो की कंपनीने.

‘नुसती वाफ’ म्हणाल तर ती पाण्याची वाफ नव्हे. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची रसायनं आणि निकोटिन असलेला द्रव तापलेल्या कॉइलवरून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यावरून, जातो आणि त्याचे अतिसूक्ष्म थेंब फुप्फुसांत उतरतात. त्यात निकेल, क्रोमियम, शिसं अशा धातूंचे अंशही सापडले आहेत. कॉइलवरची वात कोरडी पडली आणि तरी ओढलं, तर जळकट चव येते आणि फॉर्मल्डिहाइडसारखे पदार्थ जास्त तयार होतात.

पण इथे हात जरा आखडता घ्या, ताई. अतिशयोक्ती केलीत आणि ती त्याने मोबाइलवर दोन मिनिटांत खोडून काढली, की तुमची उरलेली खरी वाक्यंही गेली. व्हेपमध्ये जळणारा तंबाखू नाही, म्हणून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि अनेक वर्षं सिगारेट ओढणारा प्रौढ पूर्णपणे व्हेपवर गेला तर त्याच्या शरीरात जाणारं विष बरंच कमी होतं. हे मान्य करा. मग विचारा, “ही तुलना ज्याने कधीच सिगारेट ओढली नाही त्याला कशी लागू होईल? तू सिगारेट सोडून इकडे आलेला नाहीस, स्वच्छ हवा सोडून आलायस.” ‘पॉपकॉर्न लंग’ची भीती घालू नका. तो आजार पॉपकॉर्नच्या कारखान्यात डायसिटिल हे लोण्याच्या वासाचं रसायन हुंगणाऱ्या कामगारांत आढळला होता, व्हेपमुळे होतो असं सिद्ध झालेलं नाही. २०१९ साली अमेरिकेत फुप्फुसांच्या आजाराने २,८०० हून जास्त माणसं रुग्णालयात गेली आणि ६८ दगावली, ती साथ खरी आहे. पण तिचा मुख्य संबंध टीएचसी या गांजातल्या नशेच्या द्रव्याच्या बेकायदा कार्ट्रिजमध्ये घातलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटशी होता. ती सांगायचीच असेल तर अशी पूर्ण सांगा: मित्राने पुढे केलेल्या कुपीत काय भरलंय, हे मित्रालाही माहीत नसतं.

बोलायला बसाल तेव्हा आधी फायदे विचारा. आईला हे विचित्र वाटेल, पण त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियातल्या शाळकरी मुलांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. लांबच्या पल्ल्याचा धोका सर्वांत कमी मानणाऱ्या मुलांत सिगारेट सुरू करण्याची शक्यता, तो सर्वांत जास्त मानणाऱ्यांच्या ३.६४ पट होती. आणि ज्यांना सिगारेटचे फायदे सर्वांत जास्त वाटत होते, त्यांच्यात ती, फायदे सर्वांत कमी वाटणाऱ्यांच्या ३.३१ पट होती. म्हणजे ‘यातून मला काय मिळतं’ हे जवळपास धोक्याइतकंच वजनदार असतं, आणि घरात आपण त्यावर चकार शब्द काढत नाही. “ओढल्यावर नेमकं काय बरं वाटतं?” एवढं विचारा आणि गप्प बसा. उत्तर ‘घोळक्यात उठून दिसत नाही’ असेल तर उपाय वेगळा, ‘परीक्षेचं दडपण’ असेल तर वेगळा, ‘झोप लागत नाही’ असेल तर अजून वेगळा. गाडीतून जाताना किंवा भांडी आवरताना, जिथे डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही, तिथे मुलं जास्त बोलतात. रात्री दमून आल्यावर आणि बाबांच्या देखत हा विषय काढू नका.

मग मुद्द्यावर या. “तू कधीही सोडू शकतोस म्हणालास. ते खरं असावं असं मलाही वाटतं. आपण एकदा बघूया का?” वाद घालण्यापेक्षा त्याचाच दावा त्याला तपासू द्या. १४ दिवस पूर्ण बंद. सुरुवातीची तारीख त्याने निवडायची, पण येत्या आठवड्यातली. एक अट महत्त्वाची: या १४ दिवसांत मित्रांबरोबरचे दोन्ही शनिवार-रविवार आले पाहिजेत. शनिवारी ओढणाऱ्याने सोमवार ते शुक्रवार न ओढणं ही परीक्षाच नव्हे. सगळी सामग्री पहिल्या दिवशी घराबाहेर गेली पाहिजे, ‘कपाटात ठेवतो, हात लावणार नाही’ हे चालणार नाही. द्रव मोरीत ओतू नका आणि बॅटरी रोजच्या कचऱ्यात टाकू नका. ती लिथियमची असते, चेपली गेली तर पेट घेते. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांकडे द्या.

त्याने फोनमध्ये चार गोष्टींची नोंद करायची: तलफ किती वाजता आली, तेव्हा कुठे आणि कोणाबरोबर होता, ० ते १० मध्ये किती जोराची होती, किती मिनिटांत ओसरली. बहुतेक तलफा ५ ते १० मिनिटांत ओसरतात, आणि हे आईने सांगण्यापेक्षा स्वतःच्या नोंदीत पाहिलेलं जास्त पटतं. त्या मिनिटांत करायचं काम आधीच ठरलेलं असू द्या: जागा सोडणं, गार पाणी घोट घोट पिणं, काहीतरी चघळणं, जिने चढउतार. तुम्ही रोज चौकशी करू नका. चौथ्या आणि चौदाव्या दिवशी बसा, बस. चौथा दिवस अशासाठी, की निकोटिन थांबल्याचा त्रास पहिल्या २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत निवळतो. त्या दोन-तीन दिवसांत तो दार आपटेल, खूप खाईल, झोप बिघडेल. तेव्हा त्याच्या अभ्यासाचा किंवा खोलीच्या पसाऱ्याचा विषय काढू नका. परीक्षेच्या आठवड्यात हा प्रयोग सुरूही करू नका.

नोंद काय सांगते ते पाहा. सगळे दिवस सहज गेले तर तो खरं बोलत होता, आणि अजून ताबा आहे तोवरच कायमचं थांबणं सर्वांत सोपं आहे, हे त्याला तेव्हाच सांगा. आठवडा सोपा गेला आणि शनिवार जड गेला, तर अडचण मित्रांच्या बैठकीत आहे. पहिले तीन दिवसच असह्य झाले, तर सवय फक्त शनिवार-रविवारची नव्हती. तसं दिसलं तर ‘बघ, मी म्हटलं नव्हतं?’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. आपण सोडू शकत नाही, हे मुलाला पहिल्यांदा कळण्याचा तो क्षण असतो आणि त्या क्षणी त्याला तुमची गरज असते.

मित्रांच्या बैठकीबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली मुलांना आणि मोठ्यांना गाडी चालवण्याचा एक खेळ खेळायला दिला. एकटे असताना धोका पत्करण्यात फारसा फरक नव्हता. मित्र बघायला उभे राहिले, की १३ ते १६ वर्षांची मुलं खूप जास्त धोके घ्यायला लागली. २४च्या पुढच्यांवर तसा परिणाम झाला नाही. म्हणजे घरी तुमच्यासमोर प्रामाणिकपणे ‘नाही ओढणार’ म्हणणारा मुलगा आणि शनिवारी ओढणारा मुलगा एकच असतो, आणि दोन्ही वेळा तो खरा असतो. म्हणून ‘तिथे ठरव’ म्हणून उपयोग नाही, ठरवणं घरीच उरकलं पाहिजे. एक छोटं वाक्य तोंडात बसलेलं असू दे, ज्यावर चर्चा होत नाही: “नको, मॅचला दम लागतो.” फुटबॉल खेळणाऱ्याच्या तोंडी ते शोभतं. जिथे वस्तू हातोहात फिरते तिथे मधे न बसता कडेला बसायचं, हातात बाटली धरायची. घोळक्यात न ओढणारा एक जरी मित्र असेल, तर त्याला आधी सांगून ठेवायचं. आणि ‘मला घ्यायला ये’ असा मेसेज आला तर तुम्ही कारण न विचारता जाल, हा शब्द द्या आणि पाळा.

बंदी की समजूत, असं विचारलंत. दोन्ही, पण वेगवेगळ्या गोष्टींसाठी. घरात, खोलीत, दप्तरात ही वस्तू असणार नाही, हा नियम कडक ठेवा, घरात लहान बहीण आहे एवढं कारण पुरेसं आहे. मात्र ओढल्याचं स्वतःहून सांगितलं तर शिक्षा नाही, हेही तितकंच कडक ठेवा. फोन काढून घेऊ नका. निकोटिनशी त्याचा संबंध नाही, आणि तलफेच्या वेळी मदत मिळण्याचं साधनच हातातून जाईल. अमेरिकेत १३ ते १७ वर्षांच्या व्हेप ओढणाऱ्या मुलांना सोडण्यासाठी ठरावीक मेसेज पाठवून पाहिले, तेव्हा सात महिन्यांनी ३७.८ टक्के मुलं व्हेपपासून दूर होती. मेसेज न मिळालेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होतं.

बाबांचा मुद्दा मुलाने उगाच काढलेला नाही. त्याला उत्तर तुम्ही देऊ नका, बाबांनी द्यावं, आणि ते प्रवचन नसावं. किती वेळा सोडायचा प्रयत्न केला, कितव्या दिवशी पुन्हा पेटवली, एवढं त्यांनी खरं सांगितलं तरी ‘कधीही सोडू शकतो’ला घरातलंच उत्तर मिळेल. त्यांनीही सोडायची तारीख धरली तर उत्तमच. रिचर्ड डॉल यांनी ब्रिटिश डॉक्टरांचा ५० वर्षं पाठपुरावा केला, त्यात जन्मभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटलं. चाळिशीत सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ९ वर्षं परत मिळवली, पन्नाशीत सोडणाऱ्यांनी ६. नुसतं कमी करून भागत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो २० ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा भरतो. तोवर निदान घरात आणि गाडीत ओढणं बंद व्हावं.

१४ दिवस पार पडले नाहीत, किंवा यादीतल्या प्रश्नांना दोन-तीन ‘होय’ आले, तर डॉक्टरांकडे जा. जाताना वेष्टन किंवा त्याचा फोटो न्या, टक्के आणि मिलिलिटर कळले की त्यांना प्रमाण ठरवता येतं. सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिला झुरका घेतो, हे त्यांना नक्की सांगू द्या. अर्ध्या तासाच्या आत असेल तर व्यसन पक्कं आहे. मुलाला त्यांच्याशी काही वेळ एकट्याने बोलू द्या. निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी या वयात आपल्या मनाने सुरू करू नका, त्याचं प्रमाण डॉक्टरच ठरवतील. व्हॅरेनिक्लिन या औषधाची चाचणी १६ ते २५ वयाच्या व्हेप ओढणाऱ्यांवर झाली, तिचे निष्कर्ष २०२५ साली आले: समुपदेशनासह औषध घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के लोक १२ आठवड्यांच्या अखेरीस थांबलेले होते, समुपदेशनासह बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. तुमचा मुलगा त्या वयोगटाच्या थोडा अलीकडे आहे, म्हणून लगेच औषधाचा आग्रह धरू नका, पण असा मार्ग आहे हे माहीत असू द्या. धाप, छातीत दुखणं, न थांबणारा खोकला, ताप आणि उलट्या यांतलं काही दिसलं तर तपासणीला उशीर करू नका आणि व्हेप ओढतो हे डॉक्टरांपासून लपवू नका. सोडल्यावर दोन-तीन आठवड्यांनंतरही मन फार उदास राहिलं, तर ते वेगळं दुखणं असू शकतं, त्यासाठीही मदत घ्या.

आणि मध्येच एखाद्या शनिवारी घसरला तर तारीख पुन्हा शून्यावर आणू नका. दुसऱ्या दिवशी चारच प्रश्न विचारा: कुठे होतास, कोण होतं, त्याआधी काय झालं होतं, पुढच्या वेळी त्या ठिकाणी काय वेगळं करशील. उत्तर त्याच नोंदीत लिहायला सांगा आणि उरलेले दिवस ठरल्याप्रमाणे पुढे चालू ठेवा.